वाघमारे साहेबांच्या गाडीची चौकशी

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेवटच्या खांबाशेजारी एक जुनी पांढरी गाडी उभी असते. परवापरवापर्यंत तिच्या पुढच्या काचेला आतून एक पुठ्ठा लावलेला होता. त्यावर ठळक, सरळ अक्षरांत लिहिलं होतं : ‘ही गाडी बंद पडलेली नाही. चौकशी प्रलंबित आहे.’ खाली सही, आणि सहीखाली कंसात ‘सेवानिवृत्त’.

पुण्यात पाट्यांचं कोणाला नवल नाही. पण येणारा-जाणारा ही पाटी वाचून थांबायचा, गाडीभोवती एक चक्कर मारायचा आणि वॉचमनला विचारायचा, “चोरीची आहे का?”

गाडी चोरीची नाही. ती आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या वाघमारे साहेबांची आहे. साहेबांची सगळी नोकरी सरकारी खात्यात विभागीय चौकशा करण्यात गेली. कोणी फाइल गहाळ केली, कोणी न सांगता घरी राहिला, कोणी टेबलाखालून काही घेतलं, की ते प्रकरण वाघमारे साहेबांकडे जायचं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चौकशी करायची सवय काही निवृत्त झाली नाही. दूधवाल्यानं पिशवी उशिरा टाकली तर आपण वैतागतो. साहेब त्याला दारात उभा करून शांतपणे विचारतात, “उशीर झाला हे तुम्हाला मान्य आहे? ठीक. आता कारणं सांगा. एकेक सांगा, घाई नाही.” दूधवाला आता वेळेवर येतो.

त्यांचं ठेवणीतलं वाक्य एकच : “पुरावा काय?” आज उकडतंय म्हटलं तरी ते पुरावा विचारतात. माझ्या बायकोनं एकदा त्यांना पुरणपोळी दिली आणि सहज म्हणाली, “यंदा जरा बिघडल्यात.” साहेबांनी उभ्या उभ्या अर्धी खाल्ली आणि म्हणाले, “आरोप सिद्ध होत नाही. उरलेलीही तपासून सांगतो.”

मी सोसायटीचा खजिनदार आहे. नोकरीतही माझं काम आकड्यांचंच. मला गोष्टी जुळलेल्या लागतात. त्यामुळे साहेबांचं आणि माझं बरं जमतं. ते मला नावानं हाक मारत नाहीत, ‘खजिनदार’ म्हणतात. मी त्यांना ‘साहेब’ म्हणतो. गेली दोनेक वर्षं आमच्या बोलण्याचा विषय मात्र एकच होता, तो म्हणजे गाडी.

गाडीचा प्रकार असा, की ती कधी चालू व्हायची आणि कधी नाही. चावी फिरवली की दिवे लागायचे, कुठूनतरी ‘टक्’ असा एक आवाज यायचा आणि पुढे शांतता. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. मग वॉचमन आणि इस्त्रीवाला मिळून धक्का मारायचे आणि गाडी गेटपर्यंत जाता जाता एक आचका देऊन चालू व्हायची. एखाद्या दिवशी धक्क्याशिवायही व्हायची. का व्हायची, का नाही व्हायची, ते कळत नव्हतं. नेहमी बंद असणारी गाडी परवडते, कारण ती भंगारात देता येते. ही अधूनमधून चालू होत असल्यामुळे आशा सुटत नव्हती.

साहेबांनी रीतसर चौकशी सुरू केली. पहिला संशयित म्हणजे बॅटरी. तिला ‘निलंबित’ करून बाल्कनीत ठेवलं आणि नवी बसवली. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी टक्.

त्या संध्याकाळी साहेब माझ्या दारात आले तेव्हा चेहरा पडलेला होता. “खजिनदार, एका निर्दोष बॅटरीवर अन्याय झाला.”

“मग आता?”

“सन्मानानं परत घ्यायची. मागची सेवा धरून.”

आणि खरोखरच त्यांनी जुनी बॅटरी परत बसवली. नवीन बॅटरी आता बाल्कनीत आहे. ती ‘राखीव’.

मग स्टार्टर. तो उघडला, साफ केला, निर्दोष सुटला. मग चावीचा स्विच. तो बदलला, तरी टक्. दर वेळी एक भाग दोषी ठरायचा आणि थोड्या दिवसांनी सुटायचा. साहेब म्हणायचे, “माझ्या नोकरीत इतके सुटले असते तर मलाच कारणे दाखवा नोटीस आली असती.”

या सगळ्या चौकशीत त्यांच्या मते निर्विवाद सिद्ध झालेली बाब एकच होती आणि ती ते येईल त्याला बोटांवर मोजून सांगायचे : “एकदा इंजिन चालू झालं की मग ते आपण बंद करेपर्यंत बंद पडत नाही. सिग्नलला नाही, चढावर नाही, खड्ड्यात नाही. माझ्याकडे याचा भक्कम पुरावा आहे. दोष फक्त चालू होण्यात आहे. चालण्यात नाही.” हे वाक्य सोसायटीतल्या लहान मुलांनाही पाठ झालं होतं.

सगळ्यात मोठी पंचाईत गॅरेजमध्ये व्हायची. मुजावर मिस्त्रींचं गॅरेज आमच्या मागच्या गल्लीत आहे. धक्का मारून गाडी तिथं न्यायची आणि बंद करायची. मग मिस्त्री चालकाच्या जागेवर आणि साहेब शेजारी, निरीक्षक म्हणून, चष्मा लावून. मिस्त्री चावी फिरवायचे आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू. बंद करा, पुन्हा फिरवा, पुन्हा चालू. दहा वेळा फिरवली तरी दहाही वेळा चालू.

“साहेब, गाडी ठणठणीत हाय,” मिस्त्री म्हणायचे.

“ही साक्षीदारासमोर नीट वागते. मी असे पुष्कळ बघितलेत.”

“ते बरोबर. पण एक विचारू का? झोप-बिप होते का रात्रीची?”

साहेब रागावले नाहीत. घरी आल्यावर मला म्हणाले, “प्रश्न योग्य होता. उत्तर मी दिलं नाही.”

मलाही ते कधीकधी खाली बोलवायचे. मी डाव्या बाजूला बसायचो, ते चावी फिरवायचे आणि गाडी चालू व्हायची. मी म्हणायचो, “झाली की चालू.” ते म्हणायचे, “तेच तर.” आणि इंजिन बंद करून एक-दोन मिनिटं तसेच बसून राहायचे. मीही बसायचो. समोर खांब आणि त्यावरचा पाण्याचा पाइप, एवढंच दृश्य. साहेब त्या वेळात सहसा बोलायचे नाहीत आणि मला वाटायचं, पुढचा संशयित कोण याचा विचार चाललाय.

साहेब एकटे राहतात. वहिनी जाऊन आता तिसरं वर्ष. त्या शाळेत शिक्षिका होत्या, ठेंगण्या, हसऱ्या, आणि साहेबांच्या सगळ्या चौकशा एका वाक्यात गुंडाळणाऱ्या. “अहो, पुरे. सोडा त्याला,” एवढं म्हणाल्या की दूधवाला सुटायचा. त्यांचं माहेर मांजरी गावचं. एके काळी तिथं त्यांच्या भावांचा ऊस होता. मग जमीन विकली गेली, इमारती उठल्या, भाऊही पांगले. तरी दर रविवारी सकाळी हे दोघं गाडी काढून मांजरीला जायचे. भेटायला कोणी नव्हतं. रस्त्याकडेला उभे राहून रस प्यायचे आणि परत यायचे. मी एकदा विचारलं होतं, एवढ्या लांब रस प्यायला कशाला जाता, आपल्या बिबवेवाडीत काय कमी रसवंत्या आहेत? वहिनी म्हणाल्या, “रस काय हो, कुठंही मिळतो. त्यांना गाडी चालवायला आवडते आणि मला बसायला.”

मुलगा बंगळुरूला असतो. तो फोनवर सांगायचा, “बाबा, विकून टाका. टॅक्सी मागवत जा, मी पैसे भरतो.” साहेबांनी त्याला दिलेलं उत्तर मी ऐकलं आहे, कारण ते फोन स्पीकरवर ठेवून बोलतात. “टॅक्सीत मागं बसावं लागतं. मागं बसून रस्ता दिसत नाही.” मुलगा म्हणाला, “पुढं बसा मग.” त्यावर साहेब म्हणाले, “पुढं डावीकडं माझी जागा नाही.” आणि विषय बदलला.

गाडी सोसायटीच्या विषयपत्रिकेवर आली ती जागेच्या टंचाईमुळे. नवीन बिऱ्हाडं आली, प्रत्येकाच्या दोन-दोन गाड्या, आणि पार्किंग आहे तेवढंच. चेअरमन निंबाळकर यांनी सभेत ठराव मांडला : बंद गाड्या आवारातून हलवाव्यात. ज्याला आपली गाडी बंद नाही असं म्हणायचं असेल, त्या मालकानं ती कमिटीसमोर धक्क्याशिवाय चालू करून दाखवावी. ठराव मीच लिहून घेतला. सगळ्यांना माहीत होतं, आवारात अशी गाडी एकच आहे.

“चौकशी पूर्ण होण्याआधीच निकाल?” साहेबांनी विचारलं.

“साहेब, दोन वर्षं झाली चौकशीला,” निंबाळकर म्हणाले. “आमचा जावई आला की गाडी रस्त्यावर लावतो. त्याचीही काही चौकशी करा.”

सभेत हशा पिकला. साहेबही थोडे हसले, पण उशिरा.

रविवारी सकाळी कमिटी खाली जमली. साहेब इस्त्रीचा शर्ट घालून आले. गाडी पुसलेली होती. डॅशबोर्डवर बुद्धाची एक लहान मूर्ती असते, तीही पुसलेली दिसत होती. ते आत बसले, दार लावलं, आमच्याकडे एकदा पाहिलं आणि चावी फिरवली.

टक्.

पुन्हा टक्. तिसऱ्यांदा फिरवताना त्यांनी डोळे मिटले होते. टक्.

निंबाळकर वाईट माणूस नाही. ते म्हणाले, “असू दे, साहेब. महिनाअखेरपर्यंत बघा. पुन्हा एकदा संधी देऊ. नाही झाली तर मग मात्र गाडी हलवावी लागेल.” सगळे चहाला गेले. साहेब उतरले नाहीत. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसून राहिले, गाडी चालू असल्यासारखे.

मला त्यांना एकटं सोडून वर जाववेना. दुसरं काही सुचलं नाही म्हणून मी डावीकडचं दार उघडून शेजारी जाऊन बसलो. काय बोलावं याचा विचार करत होतो, तेवढ्यात साहेबांनी सवयीनं चावी फिरवली आणि गाडी चालू झाली.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, “बघा. कमिटी गेली आणि आता.”

पण मला आकडे जुळलेले लागतात. मी म्हणालो, “बंद करा.” त्यांनी केली. मी उतरलो, दार लावलं. “फिरवा.” टक्. मी आत बसलो. “फिरवा.” चालू. उतरलो, टक्. बसलो, चालू. वॉचमन खुर्ची सोडून बघायला आला. एक शहात्तर किलोचा माणूस गाडीत पुन्हा पुन्हा बसतोय आणि उतरतोय, हे त्यानं आधी कधी पाहिलं नसावं.

मग मी एकेक आठवायला लागलो. गॅरेजमध्ये साहेब शेजारी बसायचे, म्हणून मिस्त्रींकडून चालू व्हायची. मला खाली बोलवायचे तेव्हा मी बसायचो. “साहेब, एकटे असताना आपोआप चालू झाली, असं कधी?”

“मार्केट यार्डातून येताना,” ते विचार करून म्हणाले. “कांद्याची पिशवी…”

“कुठं ठेवता?”

त्यांनी माझ्या पायांकडे बोट केलं.

मुजावर मिस्त्रींना बोलावून घेतलं. त्यांनी डावीकडचं पायपुसणं काढलं, खालचं कार्पेट उचललं. पूर्वी कधीतरी चोरीचा अलार्म बसवताना कोणीतरी स्टार्टरची वायर तोडून तिथून फिरवली होती आणि तिला जोड दिला होता. तो जोड सैल झाला होता. वरून पाय पडला की टेकायचा, पाय निघाला की सुटायचा.

“हे घ्या. हा तुमचा आरोपी,” मिस्त्री म्हणाले. “जोड जुना हाय. किती दिवसांपासून सैल असेल सांगता येत नाही. तिथं रोज कोणाचा पाय असेल तर कळणारच नाही की.”

मी लगेच हिशेब केला. माझा स्वभावच तसा. “पण साहेब, हा त्रास तर दोन वर्षांतलाच आहे ना? त्याआधी कधीच नाही?”

“कधीच नाही.”

“वहिनी असताना तुम्ही एकटे कधी गाडी घेऊन गेलात?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. इतका सोपा प्रश्न त्यांना कोणी विचारला नसावा. “एकटा कशाला जाऊ?” ते म्हणाले.

मिस्त्रींनी खिशातून टेप काढली. साहेब गाडीत वाकून त्या जोडाकडे बघत होते. मग निष्कर्ष वाचून दाखवावा तसं, हळू आवाजात आणि स्पष्ट बोलले, “म्हणजे ती बसायची, म्हणून चालू व्हायची.”

वॉचमन परत गेटकडे गेला.

“दोन मिनिटांचं काम हाय,” मिस्त्री म्हणाले. “सोल्डर मारून देतो, परत तक्रार नाही.”

“नको.”

“अहो साहेब, महिनाअखेरीला पुन्हा बघणार आहेत,” मी म्हणालो. “कमिटीसमोर पुन्हा टक् वाजलं तर?”

“दोष सिद्ध झाला, खजिनदार. शिक्षा द्यायची की नाही, हे चौकशी अधिकारी ठरवतो.” त्यांनी स्वतः कार्पेट खाली केलं, त्यावर पायपुसणं ठेवलं, हातानं कडा सारख्या केल्या. मग मिस्त्रींना चहाला वर घेऊन गेले.

महिनाभर मी त्यांना समजावत होतो. जिन्यात, गेटवर, भाजीच्या गाडीपाशी. ते ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि पावसापाण्याचं बोलायचे. गाडीवर एक अक्षर नाही. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी गाडीचा विषय टाळला. मला काळजी वाटत होती ती याची, की गाडी गेली तर हा माणूस रविवारी सकाळी करणार काय? बाल्कनीत एक राखीव बॅटरी आणि एक खुर्ची, याशिवाय काही नव्हतं.

महिन्याचा शेवटचा रविवार आला. कमिटी पुन्हा जमली. साहेब पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट घालून आले, आत बसले. चावीला हात लावला, पण फिरवली नाही. समोर खांबाकडे पाहत राहिले. मला दिसत होतं, ते कोणाला बोलावणार नाहीत. कारण बोलवायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

मी पुढं झालो, डावीकडचं दार उघडलं आणि आत बसलो. पाय पायपुसण्यावर नीट टेकवले.

“खजिनदार, तुम्ही आत कशाला?” निंबाळकरांनी विचारलं.

“मालकानं गाडी धक्क्याशिवाय चालू करून दाखवायची, असा ठराव आहे,” मी म्हणालो. “शेजारी कोणी बसायचं नाही, असं त्यात नाही. मीच लिहिलाय.”

“म्हणजे तुमचं वजन पडलं की चालू होते की काय?” निंबाळकर हसत म्हणाले.

“हो,” मी म्हणालो. खोटं सांगायची मला सवय नाही. त्यांना ती थट्टा वाटली.

साहेबांनी चावी फिरवली. गाडी चालू झाली.

निंबाळकरांनी कान देऊन इंजिनाचा आवाज ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, “चला, जावई रस्त्यावरच.” कमिटी चहाला गेली. पार्किंगमध्ये आम्ही दोघं आणि चालू इंजिन, एवढंच उरलं. साहेबांनी काचेवरचा पुठ्ठा काढला, दुमडला आणि मागच्या सीटवर ठेवला.

माझं काम झालं होतं. घरी नाष्टा व्हायचा होता. मी दाराच्या कडीला हात घातला.

“थांबा, खजिनदार,” साहेब म्हणाले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. “उतरू नका. बंद पडेल.”

सिग्नलला नाही, चढावर नाही, खड्ड्यात नाही. पुरावा काय, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं.

“मांजरीपर्यंत जाऊन येऊ,” ते म्हणाले. “रस घेता ना तुम्ही?”

“घेतो की,” मी म्हणालो. मग दार नीट लावून घेतलं आणि पट्टा ओढला.